साडेचारशेचे तीनशे

हिंगणघाटात मला मनोहर म्हणणारी माणसं आता थोडी उरली. बाकीचे ‘दीडशे’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पाठ वळली की म्हणतात, आणि मला ऐकू येतं. नव्या पोरांना तर हे नाव कशावरून पडलं तेही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, यानं कधीतरी कुणाचे दीडशे रुपये बुडवले असतील. रुपयांचा यात काही संबंध नाही. ते कॉम्प्युटरच्या वेगाचे दीडशे मेगाहर्ट्झ आहेत आणि ते मी चोरलेले नाहीत.

संपादकांनी मला ‘कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या गमतीजमती’ लिहायला सांगितल्या. मी म्हटलं, लिहीन तर दीडशेचंच लिहीन, आणि एक ओळ कापायची नाही. ते म्हणाले, लांबी पाहून ठरवू. शेवटी एक परिच्छेद कापायची मुभा देऊन सौदा मिटवला. कुठला कापला ते वाचकांनी शोधत बसू नये.

मी मूळचा वडनेरचा. शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचो. पुढं नागपूरला एका दुकानात आठ महिने बिनपगारी राबून कॉम्प्युटर जोडायला शिकलो आणि हिंगणघाटला बसस्टँडजवळ गाळा घेतला. बापाची मदत नाही, बँकेची नाही, कुठल्या डिग्रीची नाही. त्या काळात कंपनीचा तयार कॉम्प्युटर बँका आणि सरकारी कचेऱ्याच घेत. बाकी सगळे आमच्यासारख्यांकडून जोडून घेत. डबा एका ठिकाणचा, मदरबोर्ड दुसरीकडचा, प्रोसेसर आणि मेमरी तिसरीकडची. ते सगळं बसवायचं, स्क्रू आवळायचे, चालू करून द्यायचं. बिघडलं की गिऱ्हाईक आमच्याच छातीवर बसायला मोकळं.

आमच्याकडे येणारी सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे ‘हँग होते’. माउसचा बाण असेल तिथं थिजतो आणि पडद्यावरचं घड्याळ पुढं सरकत नाही. मी आधी कीबोर्डवरचं नमलॉक दाबून पाहायचो. त्याचा छोटा दिवा लागला-विझला तर मशीन जिवंत आहे, एखादा प्रोग्रॅम अडकलाय. दिवाही ढिम्म असला तर दुखणं खाली, बोर्डापाशी.

बोर्डापाशी म्हणजे काय, ते हिंगणघाटच्या माणसाला कापसाच्या जिनिंगवरून पटकन कळतं. जुन्या जिनात एक मुख्य शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे घेऊन बाकीची यंत्रं चालायची. शाफ्ट जितका जोरात, तितकं सगळं जोरात. मदरबोर्डचा ठोका म्हणजे तो शाफ्ट. मेमरी त्याला थेट जोडलेली. प्रोसेसर मात्र स्वतःच्या पुलीवरून त्याच्या काही पट पळतो, समजा साडेचार पट. ही पुली कारखान्यातच पक्की केलेली असते, आपल्याला बदलता येत नाही. बोर्डाचा ठोका आपल्या हातात असतो. बोर्डावर बारीक पिना उभ्या असतात, त्यांवर तुरीच्या दाण्याएवढी काळी टोपी बसवायची. तिला जंपर म्हणतात. या दोन पिनांवर बसवली की ठोका सहासष्ट, त्या दोन पिनांवर बसवली की शंभर. सहासष्टाचे साडेचार पट म्हणजे जवळजवळ तीनशे. शंभराचे साडेचारशे. आता शाफ्ट जोरात फिरवला आणि पुढचा माल त्या ताकदीचा नसला, तर जिनात पट्टा उडतो, आवाज होतो, माणसं धावतात. कॉम्प्युटरमध्ये आवाज होत नाही. तो नुसता थांबतो.

कारंजा घाडगेला हायवेवर एकाचा धर्मकाटा होता. मालट्रक काट्यावर चढला की वजन कॉम्प्युटरवर यायचं आणि पावती छापली जायची. ट्रक चढला की नेमकं मशीन थांबायचं. मागं ट्रकची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत आणि मालक कॉम्प्युटरला थापडा मारतोय. मी जाऊन डबा उघडला. आत मेमरीच्या दोन पट्ट्या. मी दिलेली शंभरची आणि मालकानं अमरावतीहून स्वस्तात आणून स्वतःच खुपसलेली सहासष्टची. बोर्ड शंभरवर पळत होता आणि ही पट्टी मागं पडत होती. मी ती काढून हातात दिली.

“काढली काऊन?” मालक म्हणाला. “मेमरी अर्धी करून राह्यले काय माही? पैसे देल्ले ना मी तिचे!”

“मंग सगळंच हळू करतो. दोन्ही चालतीन.”

“हळू नोको.”

“मंग हँग होऊ द्या. मी चाललो.”

त्यानं एकदा ट्रकच्या रांगेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाला, “हे पाहा भाऊ, सुरू होताना तो आकडा तेवढाच दिसला पायजे. बाकी तुमाले काय करायचं ते करा.”

मी टोपी सरकवली, ठोका सहासष्टवर आणला, पट्टी परत लावली. मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा टरटर मोजत पूर्ण वर गेला. मालकानं मला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं. वेग कमी झालाय हे त्याला कधीच कळलं नाही. गिऱ्हाईक कॉम्प्युटर विकत घेत नाही, सुरू होतानाचा आकडा विकत घेतं, हे मी त्या दिवशी शिकलो. शिकून काय केलं ते आता सांगतो.

उमाटे सर गणिताचे मास्तर होते. निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली आणि फंडाचा पैसा घालून गावात कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. सगळ्यांनी त्यांना मशीन नागपूरहून आणायला सांगितलं. ते माझ्या गाळ्यात आले.

“मनोहर, आपल्या गावचा माणूस असताना मी नागपूरले काऊन जाऊ? दहा मशिनी लागतीन. पण साडेचारशेच्याच. पोस्टरवर तेच छापून राह्यलो मी.”

तोवर मी एका वेळी एखाद-दुसरं मशीन विकत होतो. दहाची ऑर्डर म्हणजे तालुक्यात माझं नाव होणार होतं. शाळा, जिनिंगवाले, वकील, सगळे सरांच्या क्लासकडं पाहून ठरवणार होते की हिंगणघाटच्या माणसाकडून घ्यावं की नागपूरला जावं. मला ती ऑर्डर पाहिजे होती आणि त्यात चांगलं सुटायलाही पाहिजे होतं.

नागपूरच्या सीताबर्डीला एका होलसेलरकडं मी गेलो. साडेचारशेचे दहा प्रोसेसर. त्यानं भाव सांगितला. मी हसलो. भाव करणं हे माझं खरं शिक्षण. कॉम्प्युटर नंतर शिकलो. मी दोन तास त्याच्यासमोरून हललो नाही. दोनदा उठून पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत आलो. शेजारच्या दुकानाचा खोटा भाव सांगितला.

“भाऊ, इतने में साढ़े चार सौ नहीं आता,” शेठ म्हणाला.

“आता है. तुम देते नहीं.”

त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग आतल्या माणसाशी दोन शब्द बोलला आणि म्हणाला, “ठीक है, ले जाओ. लेकिन बिल पे सीरियल नंबर नहीं लिखूँगा.”

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. प्रत्येक प्रोसेसरवर नंबर असतो. बिलावर तो लिहिला की माल खराब निघाल्यास दुकानदाराला बदलून द्यावा लागतो. नंबर नाही तर तक्रार नाही. आमच्या धंद्यात नंबर सोडायचा आणि भाव उतरवून घ्यायचा, हा रिवाजच होता. मी कितीदा सोडला होता. त्या दिवशीही सोडला, वर त्याबदल्यात प्रोसेसरवर बसवायचे दहा पंखे फुकट मागून घेतले. बसमध्ये बसलो तेव्हा मला वाटत होतं की मी त्याला नागवलं.

थंडीत क्लास सुरू झाला. पोस्टर झकास होतं, लाल अक्षरांत साडेचारशे. मशिनी सुरेख चालल्या. एप्रिल लागला आणि थांबायला लागल्या. सकाळची बॅच नीट जायची. दुपारची बसली की एकेक पडदा थिजायचा. सर मला निरोप पाठवायचे आणि मी पेटी घेऊन धावायचो. पहिल्यांदा पंखे उघडले, त्यांत जिनाकडून उडून आलेले कापसाचे तंतू अडकले होते, ते काढले. मग मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. त्या चांगल्या शंभरच्या होत्या, मी स्वतः निवडलेल्या. मग वीजपुरवठ्याचे डबे बदलून पाहिले, एक बोर्डही बदलून पाहिला. काही फरक नाही. शेवटी एका मशीनची टोपी सहासष्टवर आणली. ते अख्खी दुपार चाललं. मग टोपी परत शंभरवर नेली आणि मेमरी माझ्या दुकानातली, वरच्या वेगाची लावली. पाऊण तासात थांबलं.

म्हणजे मेमरी नाही, बोर्ड नाही. मग उरला प्रोसेसर. तीनशेचा माल, वरून साडेचारशेची चिठ्ठी. थंडीत तो ताणून पळत होता, उन्हाळ्यात दम तोडत होता. मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मी लोकांना उलटंच सांगत आलो, म्हणून इथं स्पष्ट लिहितो: मला त्या क्षणी कळलं.

सर तेव्हा बाहेर ओसरीत फीच्या पावत्या फाडत बसले होते. उठून त्यांच्याकडं जायला वीस पावलं लागली असती. पण गेलो असतो तर काय सांगणार? शेठ माल परत घेणार नाही, नंबर मीच सोडला होता. दहा प्रोसेसर पदरचे घालायचे तर माझं दुकान बसलं असतं. आणि सरांचं पोस्टर गावभर चिकटलं होतं. मी दार लोटलं, दहाही मशिनींच्या टोप्या सरकवल्या आणि डबे बंद केले.

“झालं?” सरांनी विचारलं.

“झालं.”

“काय होतं?”

“सेटिंग.”

हे खोटं नव्हतं. क्लासात लोक पत्रं टाइप करत आणि चित्रं रंगवत. त्याला तीनशे काय आणि साडेचारशे काय. त्यानंतर एकही मशीन थांबलं नाही. अख्खा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सरांना मी चालणाऱ्या मशिनी दिल्या होत्या, हे आजही मी कुणासमोर म्हणायला तयार आहे.

दिवाळीत सरांचे पुण्याचे जावई आले. क्लास पाहायला गेले, एक मशीन बंद करून चालू केलं आणि काळ्या पडद्यावर जे कुणी वाचत नाही ते त्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी सर माझ्या दुकानात. सणाची गर्दी, चार गिऱ्हाइकं उभी.

“मनोहर, एक विचाराचं होतं. मशीन सुरू करताना तीनशे काऊन दिसते?”

“कोणं सांगतलं तुमाले?”

“जावई म्हणत होते.”

“जावयाले म्हणा, पुण्यातल्या मशिनी पाहा. हिंगणघाटात मी आहो.”

“अरे, चिडतो काऊन? मी निस्तं आकड्याचं विचारून राह्यलो.”

“तुमी मले चोर म्हणून राह्यले, सर!”

“मी म्हटलं काय तसं?”

“मंग अजून काय म्हणाचं ठेवलं? भर दुकानात, चार लोकाईसमोर! नाई पटत तं दुसरीकडे जा. माह्यावर उपकार नोका करू!”

असं म्हणून मी हातातली स्क्रूची डबी काउंटरवर आपटली. ती उलटली आणि स्क्रू फरशीवर गेले. सर खाली वाकले. तीन-चार स्क्रू वेचून काउंटरवर ठेवले आणि निघून गेले. बाकीचे स्क्रू गिऱ्हाइकांच्या पायाखाली राहिले.

त्यांनी चोर शब्द उच्चारला नव्हता. मीच उच्चारला, आणि त्या चार गिऱ्हाइकांनी तो गावात नेला. ‘मनोहरनं सरांच्या मशिनीतले प्रोसेसर काढून हलके टाकले.’ महिन्याभरानं सरांनी नागपूरचा एक टायवाला इंजिनियर आणला. त्यानं डबा उघडला, टोपी पाहिली आणि परत शंभरवर नेली. पडद्यावर साडेचारशे आलं. दहाही मशिनींवर आलं. तेव्हा थंडी होती, मशिनी सुरळीत चालल्या. आता गाव म्हणू लागलं, प्रोसेसर काढले नव्हते, यानं मुद्दाम मशिनी मंद करून ठेवल्या होत्या, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या विकता येतील. प्रत्येक मशीनमागं दीडशे खाल्ले. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मला पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली. “काय दीडशे, आज दुकान लवकर उघडलं?” मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्यानं नाव पक्कं झालं.

एका शाळेची ऑर्डर ठरत आली होती, ती नागपूरला गेली. जिनिंगच्या मुनीमानं माझ्याशी भाव केला नाही. एवढं सांगितलं की कळतं. जे गिऱ्हाईक भावच करत नाही, ते घेणार नसतं.

मी वाट पाहिली. मला एप्रिल ठाऊक होता. टायवाल्याला नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सर आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, चेहरा उन्हानं रापलेला.

“मनोहर, मशिनी पुन्हा थांबून राह्यल्या.”

“तुमच्या इंजिनियरले बोलवा ना.”

“बोलावला. तो म्हणते, एसी लावा.”

मी हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, “पोरं फी वापस मागून राह्यले. असंच चाललं तं क्लास बंद करा लागन मले.”

मी किती महिने या वाक्याची तयारी केली होती. म्हटलं, “येतो. पण एक अट आहे. सगळ्या बॅच एकत्र बोलवा. मी त्याईच्यासमोर दाखवीन काय झालं ते. आन् मंग तुमी त्याईच्यासमोर सांगाचं, का मनोहरनं चोरी केली नाई.”

“कबूल,” सर म्हणाले.

मला राग आला. मी मोठ्या घासाघिशीच्या तयारीत होतो आणि या माणसानं पहिल्या शब्दात मान्य केलं.

मग ते काउंटरला टेकून हळू म्हणाले, “एक सांग. तुले मांगच्या उन्हाळ्यातच समजलं होतं ना?”

मी सोल्डरिंगची पेन्सिल उचलली आणि जोडायला काही नसताना एका तारेला लावली. धूर निघाला. सरांनी तो धूर संपेपर्यंत वाट पाहिली.

“बरं,” म्हणाले. “उद्या दुपारी येजो.”

दुसऱ्या दिवशी क्लासात वीस-बावीस माणसं कोंबून बसली होती. पोरं-पोरी होत्या, दोन शिक्षक होते, पोस्टात काम करणाऱ्या एक बाई होत्या. मी दोन मशिनी शेजारी ठेवल्या. एकीची टोपी शंभरवर, दुसरीची सहासष्टवर. दोन्हींवर एकच खेळ सुरू केला, आपोआप चालणारा. मग कूलर बंद केला आणि खिडक्या लावून घेतल्या. पाच मिनिटांत सगळे वह्यांनी वारा घेऊ लागले. तोवर मी त्यांना शाफ्ट, पट्टा आणि पुली समजावली. खरं सांगतो, असं मी आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही. एक शब्द अडला नाही. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होती. अर्ध्या तासाच्या आत साडेचारशेवालीचा पडदा थिजला. मी नमलॉक दाबलं, दिवा हलला नाही. शेजारची तीनशेवाली आपली चालूच.

मग मी थिजलेल्या मशीनचा प्रोसेसर उपसला. गरम होता, फडक्यात धरला. ब्लेडनं त्याच्यावरची चिठ्ठी कोपऱ्यातून उचलली आणि सावकाश सोलून काढली. खाली मूळ आकडा होता. तो मी पहिल्या बाकाला दाखवला, मग दुसऱ्या. एकेक जण वाचत गेला. “तीनशे,” “तीनशे,” “तीनशे.” मला एवढंच पाहिजे होतं. कुणीतरी खिडकी उघडली, कूलर सुरू केला.

तेव्हा पोस्टातल्या त्या बाई उभ्या राहिल्या. सरळ स्वभावाच्या बाई, मनात काही नव्हतं.

“दादा, समजलं सगळं. पण मांगच्या उन्हाळ्यात तुमी टोपी बदलवली, तेव्हाच तुमाले माहीत असन ना हे? मंग तेव्हाच काऊन नाई सांगतलं सरांले?”

कूलर नुकता भरला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. बावीस चेहरे माझ्याकडं वळले. मी तोंड उघडलं.

“नाई बाई,” फळ्याजवळून सर म्हणाले. “त्याले नव्हतं माहीत तेव्हा. चिठ्ठी तं आत्ता काढली ना त्यानं, तुमच्यासमोर.”

बाईंनी मान डोलावली आणि बसल्या. सरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. मग ठरल्याप्रमाणे त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मनोहरनं चोरी केलेली नाही, त्याच्यावर अन्याय झाला आणि त्यात आपलाही हात आहे. ठरल्यापेक्षा दोन वाक्यं जास्तच बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून दहा टोप्या सहासष्टवर आणल्या. संध्याकाळी सरांनी पोस्टरवरच्या आकड्यावर स्वतः कागद चिकटवला.

गावातलं नाव त्यानं पुसलं गेलं नाही. ज्यांनी ते पाडलं ते क्लासात नव्हते, आणि जे क्लासात होते ते परीक्षा देऊन पांगले. सरांचा क्लास पुढं चार-पाच वर्षं त्याच मशिनींवर चालला. मी तिथं दुरुस्तीला जायचो. ते चहा सांगायचे. त्या दुपारबद्दल दोघंही कधी बोललो नाही. त्या सीताबर्डीच्या शेठशी मात्र मी पुढंही धंदा केला, नंबर लिहून घेऊन. लोक मला विचारतात, ज्यानं फसवलं त्याच्यावर राग नाही आणि सरांवर आहे, हे कसं? शेठनं मला मी मागितलेल्या भावाचा माल दिला. त्याच्यावर काय रागावणार?

सर आता पुण्याला मुलीकडं असतात. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना फोन केला. म्हटलं, सर, तो प्रसंग लिहितोय, नाव बदलू का? ते म्हणाले, कायले बदलवतो, लिही. मग मी वीस वर्षं न विचारलेलं विचारलं. त्या दिवशी तुम्ही मध्ये काऊन बोललात? तुम्हाला तर माहीत होतं.

फोनवर सरांच्या मागं नातवंडांचा गलका ऐकू येत होता.

“तू खोटं बोलला असता, मनोहर,” ते म्हणाले. “तेवढ्या लोकाईसमोर. मले ते आयकाचं नव्हतं. मीच बोलून टाकलं.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी तेव्हा तोंड उघडलं होतं, शब्द ओठावर होता. तो खरा होता की खोटा, ते बोललो असतो तर मलाही कळलं असतं. मास्तरांनी उत्तर आधीच तपासून टाकलं, पेपर माझ्याकडून घेतलाच नाही.